क्विडची इलेक्ट्रिक बहीण युरोपात, आपल्याकडे मात्र हायब्रिड डस्टर. रेनोचं नक्की चाललंय काय?

निगडीकर_७७
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या. मेहुणा लेस्टरला असतो, त्याने डाचिया स्प्रिंग (डाचिया म्हणजे रेनोचीच स्वस्त गाड्यांची कंपनी) घेतली आणि घरच्या ग्रुपवर फोटो टाकले. पुढचं तोंड वेगळं आहे पण बाजूने बघितली की राव क्विडच, आणि शोधत गेलो तर खरंच क्विडचाच सांगाडा निघाला, इंजिनाच्या जागी मोटर आणि खाली बॅटरी एवढाच काय तो फरक. म्हणजे गाडी जन्मली आपल्या चेन्नईत, इलेक्ट्रिक झाली चीनमध्ये, विकतायत युरोपात, आणि २०२४ पासून ब्रिटनमध्ये उजव्या स्टिअरिंगची पण मिळायला लागली, १४,९९५ पौंडांपासून. आपल्या पैशात सोळा-सतरा लाख होतात! इथे पेट्रोल क्विड पाच लाखाच्या आत सुरू होते.

तर मला कळत नाहीये ते असं की ज्या देशाला स्वस्त इलेक्ट्रिकची सगळ्यात जास्त गरज आहे तिथे ही गाडी देत नाहीत, इथे स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि मोटर दोन्हीवाली) डस्टर २०२६ च्या दिवाळीला देतो म्हणतात, युरोपात वीस हजार युरोच्या आतली इलेक्ट्रिक ट्विंगो काढली, ब्राझीलमध्ये चिनी कंपनीला भागीदार करून घेतलं. याला काही जागतिक धोरण म्हणायचं का जिथे जे जमेल ते करतायत? माझं रनिंग रोजचं निगडी-हिंजवडी आणि महिन्यातून एकदा गावाला सातारा. क्विड ईव्हीची वाट बघू की दुसरं काही घेऊ हेही सांगा.

चाकण_कॉस्टिंग
मी पार्ट सप्लायरकडे कॉस्टिंगला आहे. रेनोला आमचा माल जात नाही पण क्विड आली तेव्हा आमच्याकडे एक गाडी आणून पार नटबोल्टपर्यंत उघडली होती, त्यामुळे या विषयावर बोलायची खाज आहे, वाचा सावकाश.

"एक स्वस्त ईव्ही सगळ्या जगाला" असं यांचं धोरण कधी नव्हतंच. गाडी स्वस्त कशी करायची ती पद्धत एक, आणि आत इंधन कुठलं घालायचं ते त्या त्या देशाचा टॅक्स आणि नियम बघून, हे धोरण. आणि ती पद्धत ईव्हीच्या पुष्कळ आधीची आहे. १९९९ मध्ये रेनोने रोमानियातली डाचिया कंपनी विकत घेतली, तेव्हाचा बॉस लुई श्वाइत्झर, त्याला ५,००० युरोची गाडी पाहिजे होती. २००४ मध्ये लोगन आली. डावा आणि उजवा आरसा एकच पार्ट, म्हणजे साचा एक, स्टॉक एक, लाइनवर चुकीचा लावायची भीती नाही. काचांना गोलाई कमी कारण वाकडी काच महाग पडते. अशा शंभर ठिकाणी चार-चार आणे वाचवलेले.

मग क्विड, २०१५. लोगनवाल्याच टीममधला जेरार देतुर्बे म्हणून माणूस, तो चेन्नईत येऊन बसला आणि इथल्या सप्लायरांच्या रेटने गाडी बांधली. २.५७ लाखाला लाँच झाली होती, आठवत असेल. चाकाला चार नटांऐवजी तीन, पुढच्या काचेला वायपर एकच. लोक हसले तेव्हा. पण हिशोब करा, चार चाकांचे चार नट वाचले हे वरवरचं, खरी बचत हबमध्ये (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि लाइनवर नट घट्ट करायच्या वेळेत आहे, दर गाडीमागे काही सेकंद, आणि लाखांत गाड्या काढायच्या म्हटल्यावर सेकंदाचेच पैसे होतात. आम्ही उघडली तेव्हा आमचे साहेब जे एरवी कुणाचं कौतुक करत नाहीत ते तीन नटांचा हब हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट बघत होते.

त्याच देतुर्बेने पुढे चीनमध्ये याच सांगाड्याची इलेक्ट्रिक केली. २०१९ ला ती तिथे के-झेडई नावाने आली आणि २०२१ ला स्प्रिंग म्हणून युरोपात. बनते कुठे तर हुबेई प्रांतात शियान नावाच्या शहरात. चीनमध्ये का, तर सांगाडा कुठेही करा, इलेक्ट्रिक गाडीतला सगळ्यात महाग पार्ट बॅटरी, आणि सेल, मोटर, कंट्रोलर सगळे शेजारीच मिळतात असा देश तेव्हा तोच होता आणि अजून बऱ्यापैकी तोच आहे.

इथे का नाही? तयार गाडी चीनमधून आणली तर ड्युटीतच मेली. इथे बनवायची तर बॅटरी पॅक, मोटर, चार्जर सगळं इथे उभं करावं लागेल, आणि रेनोचा इथला खपच एवढा कमी आहे की तो खर्च वाटायचा कुणावर. टाटाने २०२२ मध्ये टियागो ईव्ही ८.४९ लाखाला काढली ती नेक्सॉन ईव्हीचा धंदा आधी जमवून, सप्लायर तयार करून. रेनोला इथे पहिल्यापासून सुरुवात करून आठ लाखाच्या आत यायचंय. टेस्टिंगचे फोटो येत राहतात पण टेस्टिंग म्हणजे लाँच नव्हे भाऊ.

लियॉनकर
फ्रान्समधून लिहितोय, इथली बाजू सांगतो, चाकणभाऊंनी पद्धत मस्त समजावली पण युरोपात स्वस्त ईव्ही का लागतेच याचं कारण कॉस्टिंगमध्ये नाही, दंडात आहे. ईयूचा नियम असा की कंपनीने विकलेल्या सगळ्या नव्या गाड्यांचं सरासरी कार्बन उत्सर्जन २०२५ पासून किमीला साधारण ९३.६ ग्रॅमच्या आसपास पाहिजे (कंपनीगणिक थोडं इकडे तिकडे), वरच्या प्रत्येक ग्रॅमला ९५ युरो, आणि तो गुणिले विकलेल्या सगळ्या गाड्या. समजा सरासरी ११० आली तर १६.४ ग्रॅम जास्त, म्हणजे गाडीमागे साधारण १,५५८ युरो. डाचियाच्या सँडेरोसारख्या स्वस्त गाडीत कंपनीला तेवढा नफा तरी सुटतो का याची शंका आहे. लॉबिंग करून २०२५ ते २७ अशी तीन वर्षांची सरासरी काढायची सवलत मिळवली, पण नियम गेलेला नाही. मग शून्य ग्रॅमवाली एक स्वस्त गाडी विकली की ती चार-पाच पेट्रोलवाल्यांची पापं धुते. स्प्रिंगवर नफा नाही सुटला तरी चालतं कारण ती दंड वाचवते. भारतात एवढा कडक दंड नाही, म्हणून तिथे ईव्ही काढायची घाई नाही. मेहुण्याची गाडी सोळा लाखाची का, तर त्यात तिकडचा २० टक्के व्हॅट आहे आणि युरोपात सक्तीची झालेली सुरक्षेची इलेक्ट्रॉनिक्स पण.

दुसरी गोष्ट, चीनमध्ये बनवणं यांच्याच अंगाशी आलं. फ्रान्स सरकारने २०२३ च्या शेवटी सबसिडीला अट लावली की गाडी बनवताना किती कार्बन निघाला तेही मोजणार, चीनमध्ये कोळशाच्या विजेवर बनून बोटीने आलेली गाडी त्यात नापास, स्प्रिंगची सबसिडी गेली. मग ऑक्टोबर २०२४ ला ईयूने चिनी बनावटीच्या ईव्हीवर जादा ड्युटी बसवली, आधीच्या १० टक्क्यांच्या वर. म्हणून ट्विंगो. तिचं डिझाइन-डेव्हलपमेंटचं बरंचसं काम शांघायच्या सेंटरमध्ये झालं, दोन वर्षांच्या आत, जिथे यांना एरवी चार लागायची, पण जुळणी स्लोव्हेनियात नोवो मेस्तोला. २७.५ किलोवॉट-अवरची एलएफपी (लोह-फॉस्फेटची, स्वस्त पडणारी) बॅटरी, कागदावर २६३ किमी. याच ट्विंगोवरून डाचियाची पण एक छोटी ईव्ही येणार आहे १८,००० युरोच्या आत, तीही युरोपातच बनणार. थोडक्यात चीनकडून माल आणण्याऐवजी चीनचा वेग आणायचा.

आणि एक गंमत, इथे आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये डाचिया भरपूर आहेत पण निम्म्याच्या वर एलपीजीवाल्या. कंपनीतूनच पेट्रोल-एलपीजी अशी येते, किंमत पेट्रोलएवढीच. आपल्याकडच्या सीएनजीवाल्यांना हे लगेच कळेल. पेपरात ईव्हीच्या बातम्या आणि लोक मात्र गॅस भरतायत.

आंबेगावचा_आगाऊ
पण स्प्रिंगला युरो एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये १ स्टार आहे हे कुणी बोलेना. स्वस्त स्वस्त म्हणून डबा विकायचा.

लियॉनकर
@आंबेगावचा_आगाऊ बरोबर, २०२१ चा रिझल्ट आहे तो आणि वाईटच आहे, सोळा लाखाच्या गाडीत तर फारच. पण तिच्यात जाणारे लोक शहरात ३०-५० च्या स्पीडने फिरतात हे पण बघा. मी स्वतः मोटरवेला नेणार नाही.

आंबेगावचा_आगाऊ
आपल्याकडे चांदणी चौकात उतारावर मागून डंपर येतो. त्याला ३०-५० माहीत नाही.

नाशिक_रोडवाला
रेनो म्हटलं की आम्हा नाशिककरांना लोगनच आठवते, कारण ती इथेच बनायची, महिंद्रा-रेनो, ५१-४९ ची भागीदारी, २००७ ला आली. काकांकडे डिझेल लोगन होती, नाशिक-मुंबई टॅक्सीला पळवायचे. डिकीत तीन फॅमिलीचं सामान मावायचं आणि कसारा घाटात दुसऱ्या गिअरवर भरलेली गाडी आरामात चढायची, दिसायला खोक्यासारखी पण गाडी रगेल.

पण ती पडली कशाने माहितीये का, लांबीने! सरकारने तेव्हा नियम काढला होता, चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाडीला एक्साइज कमी. लोगन सव्वाचार मीटर. जगभर जी गाडी स्वस्त म्हणून खपली ती इथे टॅक्समुळे मधल्याच खात्यात अडकली. २०१० मध्ये रेनो बाहेर पडली, महिंद्राने तिला व्हेरिटो नाव दिलं आणि २०१३ मध्ये काय केलं तर मागची डिकीच छाटून व्हेरिटो व्हाइब काढली, ३,९९१ मिलिमीटर! टॅक्ससाठी गाडीची शेपटी कापली अक्षरशः. २०१६ मध्ये त्याच गाडीची इलेक्ट्रिक, ई-व्हेरिटो, ती पुढे सरकारी ऑफिसांना घेतली. म्हणजे रेनोच्या स्वस्त सांगाड्याची इलेक्ट्रिक भारतात होऊन गेलीये आणि ती पण चीनच्या के-झेडईच्या आधी, फक्त रेनोने नाही केली.

हे सांगायचं कारण, आजही तेच चाललंय. २२ सप्टेंबर २०२५ पासूनचा जीएसटी बघा. ईव्हीला ५ टक्के. पेट्रोल गाडी चार मीटर आणि १२०० सीसीच्या आत असेल तर १८, त्याच्या वर गेली की ४०. हायब्रिडला वेगळी सवलत काही नाही. डस्टर चार मीटरच्या वर, हायब्रिडचं इंजिन १८०० सीसीचं, म्हणजे ४० टक्के. कारखान्यातून १० लाखाला निघालेली ईव्ही असेल तर टॅक्स पन्नास हजार, आणि तेवढ्याचीच हायब्रिड असेल तर चार लाख. साडेतीन लाखाचा फरक नुसता टॅक्सचा!

निगडीकर_७७
@नाशिक_रोडवाला हे भारीच. मग उलट प्रश्न पडतो की एवढा टॅक्स लागत असताना हायब्रिड आणतायत कशाला? ईव्हीलाच ५ टक्के आहे तर सरळ ईव्ही का नाही?

चाकण_कॉस्टिंग
@निगडीकर_७७ कारण हायब्रिडची बॅटरी १.४ किलोवॉट-अवर आणि २०२४ च्या स्प्रिंगची २६.८. तशा एका स्प्रिंगच्या सेलमध्ये १९ हायब्रिड बसतात. सेल आयात, रुपया घसरला की कॉस्ट वाढली, चीनने निर्यातीला काही अट घातली की लाइन बंद. हायब्रिडमध्ये जोखीम एवढुशी. शिवाय इंजिन आणि गिअरबॉक्स रेनोकडे जगभरासाठी तयारच आहे, इथे फक्त बसवायचं. आणि गिऱ्हाईकाला चार्जरची काळजी नाही. टॅक्स गिऱ्हाईक भरतं, इन्व्हेस्टमेंट कंपनी करते. कंपनी कुठली बाजू बघेल?

भोसरी_गिअर
हायब्रिडचं चाललंय तर थोडं मशिनरीचं लिहितो, मला तो गिअरबॉक्स फार आवडतो. टोयोटाच्या हायब्रिडमध्ये प्लॅनेटरी गिअर असतो, सगळं कायम एकमेकांत गुंतलेलं. रेनोने वेगळंच केलं, त्यांच्या ई-टेक हायब्रिडमध्ये ना नेहमीचा क्लच ना सिंक्रोनायझर (गिअर बदलताना स्पीड जुळवणारा भाग), डॉग क्लच आहेत, रेसिंग बाइकमध्ये असतात तसे खाचेत खाच बसणारे दात. आता असे दात अडकवायचे तर दोन्ही बाजूंचा स्पीड तंतोतंत जुळला पाहिजे नाहीतर खडाड. ते जुळवायचं काम दुसरी छोटी मोटर करते, जी स्टार्टरचं आणि जनरेटरचं पण काम करते. मोठी मोटर चाकाला. गाडी जागेवरून हलते ती नेहमी मोठ्या मोटरवरच, म्हणून क्लचची गरजच उरली नाही. क्लच काढला, सिंक्रो काढले, वजन गेलं, पैसे वाचले. लोगनच्या आरशाचीच बुद्धी आहे ही, फक्त गिअरबॉक्समध्ये वापरली.

हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये हे उत्तम चालेल, तिथे गाडी पळतेच कुठे. भूमकर चौकात पाऊण तास सरपटताना इंजिन बहुतेक बंदच राहील. पण साताऱ्याला जाताना खंबाटकी चढताना १.४ ची बॅटरी संपते तेव्हा सगळा भार इंजिनावर, तेव्हा आवाज येतो आणि गाडी विचार करत बसते असं युरोपातले रिव्ह्यूवाले म्हणतात. मी चालवलेली नाही, आली की चालवून बघणार.

सांगलीचा_शाणा
ते चिनी गीली कंपनीचं राहिलं की. धोरण धोरण म्हणताय तर सगळ्यात मोठी चाल ती आहे. युरोपातले बाकीचे चिनी कंपन्यांच्या नावाने बोटं मोडत होते तेव्हा रेनोने गीलीशी लग्नच लावलं. इंजिनांचा सगळा धंदा वेगळा काढून हॉर्स नावाची कंपनी केली, अर्धी रेनोची अर्धी गीलीची, मग सौदीची अरामको पण १० टक्क्यांनी आत आली. तेल विकणारा इंजिनात पैसे घालतो म्हणजे पेट्रोल-हायब्रिड अजून बरीच वर्षं चालणार असा त्यांचा अंदाज आहे हे समजून जा. कोरियात गीलीच्या प्लॅटफॉर्मवर रेनोची ग्रँड कोलिओस हायब्रिड २०२४ मध्ये आली आणि तिथे मेलेल्या धंद्यात जीव आला. ब्राझीलमध्ये गीलीने रेनोच्या तिथल्या कंपनीत २६.४ टक्के हिस्सा घेतला, कुरितीबाजवळच्या कारखान्यात गीलीच्या गाड्या पण निघणार. रेनोचा कारखाना अर्धा रिकामा, गीलीकडे गाड्या तयार, दोघांची सोय.

भारतात हे सहज जमणार नाही. २०२० पासून चिनी गुंतवणुकीला सरकारची मंजुरी लागते आणि ती मिळेलच याचा भरवसा नाही. म्हणून इथे उलटी दिशा, निसानचा ५१ टक्के वाटा विकत घेऊन २०२५ मध्ये चेन्नईचा कारखाना पूर्ण आपल्या नावावर केला. आता त्यांना तो भरायचाय. डस्टर पहिली. क्विड ईव्ही येईल तर ती या कारखान्यातले शिफ्ट भरायला येईल, आपल्या प्रेमापोटी नाही.

मला यात एकच खटकतं. स्वस्त गाडीचं डोकं चालवलं चेन्नईच्या पोरांनी, इथल्या सप्लायरांनी. त्या डोक्याचं इलेक्ट्रिक फळ आधी चीनला, मग युरोपला. आपल्याला तेच पेट्रोल. म्हणे भारत आमच्यासाठी महत्त्वाचा बाजार.

चाकण_कॉस्टिंग
@सांगलीचा_शाणा भावना समजते, पण २०१९ ला इथे ईव्ही काढली असती तर घेतली कुणी असती? चार्जर नव्हते, कर्ज द्यायला बँका तयार नव्हत्या.

सांगलीचा_शाणा
तेच तर, टाटाने त्याच सुमारास काढली आणि घेतलीच की लोकांनी. २०२० ची नेक्सॉन.

चाकण_कॉस्टिंग
१४ लाखाची होती ती. पाच लाखवाल्या गिऱ्हाईकाची गोष्ट चाललीये.

कोथरूड_ईव्ही
किंमत उतरवायचा अजून एक रस्ता आहे, बॅटरी भाड्याने. आपल्याकडे एमजीने २०२४ ला किमीमागे भाडं सुरू केलं तेव्हा सगळे म्हणाले काय नवीन शोध लावला. रेनोने झोई नावाच्या इलेक्ट्रिक गाडीसाठी हे दहा वर्षं आधीच युरोपात केलंय, गाडी तुमची, बॅटरी कंपनीची, महिन्याला भाडं. त्याच्या पुढे जाऊन इस्रायलमध्ये बेटर प्लेस म्हणून कंपनी होती, तिच्यासोबत रेनोने आपल्या फ्लुएन्स गाडीची इलेक्ट्रिक काढली, बॅटरी बदलून देणारी स्टेशनं उभी केली. मे २०१३ मध्ये ती कंपनी बुडाली. झोईचं भाडंही नंतर बंद केलं कारण जुनी गाडी विकायला काढली की घेणारा विचारायचा, भाडं मी का भरू? तेव्हा भाड्यावाल्या बॅटरीची ईव्ही घेताना पाच वर्षांनी विकायची कशी हे आधी विचारा.

@निगडीकर_७७ तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो, कारण इथे सगळे जगाचं राजकारण करत बसलेत. रोजच्या रनिंगला छोटी ईव्ही मस्त, महाराष्ट्रात ईव्हीला रोड टॅक्सची सूट पण आहे, एक्स-शोरूम न बघता ऑन-रोड किंमत काढ म्हणजे फरक कळेल. टियागो ईव्ही घेतलीस तर २४ किलोवॉट-अवरवाली घे, १९.२ वाली नको, साताऱ्याला जाताना हायवेला दीडशे किमी धरून चाल. पण आधी सांग, स्वतःचं पार्किंग आहे का आणि तिथे घरच्या मीटरवरून वायर ओढता येते का? ते नसेल तर सगळी चर्चा फुकट आहे, सीएनजी घे आणि मोकळा हो. क्विड ईव्हीची वाट बघू नकोस, जी गाडी शोरूममध्ये नाही तिच्या किंमतीवर कुणी बजेट बांधू नये.

निगडीकर_७७
पार्किंग आहे, दुसऱ्या बेसमेंटला. मीटर रूमपासून ऐंशी-नव्वद फूट वायर लागेल. सेक्रेटरी म्हणतात एकाला परवानगी दिली की सगळे मागतील, आणि चेअरमन म्हणतात आगीचं काय. डीलरवाला म्हणतो आमचा माणूस येऊन बघून जाईल, पण सोसायटीचं पत्र आधी आणा.

कोथरूड_ईव्ही
लोड वाढवायचा अर्ज तुझ्या मीटरवर टाकणार की कॉमनवर सबमीटर बसवणार? ते आधी ठरव, मग पत्राचा मसुदा मी पाठवतो. आमच्याकडे चालला होता तोच आहे, आगीचा मुद्दा त्यात घातलेला आहे, एमसीबी आणि अर्थिंगच्या ओळीसकट.

निगडीकर_७७
सबमीटर. पाठवा, रविवारी मीटिंग आहे.

आंबेगावचा_आगाऊ
मसुदा मलाही द्या.